फुंक मारायच्या आधी आणि नंतर: इंदूरच्या चेकिंग नाक्यावर काय होतं, आपण काय करायचं

गेल्या थंडीत आमच्याकडे एक लग्न झालं. राऊच्या पुढे एका गार्डनमधे रिसेप्शन होतं आणि पोरं नेहमीसारखी पार्किंगमधे, डिकी उघडी ठेवून. माझा मावसभाऊ रात्री नऊ ते एक एवढ्या वेळात चार-पाच लार्ज प्यायला असेल. पण त्याने गाडी नाही चालवली, दुसऱ्याच्या गाडीत बसून घरी आला आणि झोपला. सकाळी साडेसहाला आंघोळ करून, चहा पिऊन मावशीला स्टेशनवर सोडायला निघाला, डोकं एकदम शांत, पाय सरळ. रीगलजवळ एक स्कूटरवाला राँग साइडने येऊन त्याच्या दारावर आदळला, चूक शंभर टक्के त्या स्कूटरवाल्याची. पोलीस आले, दोघांनाही फुंक मारायला लावली आणि ह्याचा आकडा आला 48.

मावशी गाडीत बसलेली, तिची ट्रेन गेली. त्यानंतरचे दोन महिने मी त्याच्याबरोबर थाना, दवाखाना, कोर्ट, आरटीओ असा फिरलो, वकील मित्राबरोबर बसून मोटर वाहन कायद्याची सगळी कलमं वाचली, आणि तेव्हा कळलं की आपल्याला ह्यातलं काहीच माहीत नसतं. राजेंद्र नगर, रामबाग, लोकमान्य नगर, सगळीकडे आपल्या लोकांत चर्चा एवढीच की कुठल्या चौराह्यावर चेकिंग लागलंय आणि कुठल्या गल्लीतून निघायचं. मशीन काय मोजतं, आकडा कशावर ठरतो, नंतर काय होतं हे कोणी बोलत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आकडा समजून घ्या

मोटर वाहन कायदा 1988 चं कलम 185. त्यात लिहिलंय की 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं किंवा चालवायचा प्रयत्न करणं हा गुन्हा. चढलीय की नाही, जीभ अडखळते का, तुम्हाला किती पचते, ह्यातलं काही मोजलं जात नाही. तीसच्या वर म्हणजे वर. रोज पिणारा माणूस साठवरही नॉर्मल दिसतो आणि नॉर्मल बोलतो, गुन्हा मात्र झालेलाच असतो.

आता तीस म्हणजे किती, हिशेब करून बघू. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. 60 मिलीचा एक लार्ज घेतला की त्यात साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. 70 किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते पसरलं की आकडा जातो चाळीसच्या आसपास. म्हणजे एका लार्जमधेच तुम्ही लिमिटच्या वर जाऊ शकता! 55 किलोच्या बाईला तोच लार्ज साठच्या पुढे नेतो, कारण वजन कमी आणि शरीरात पाण्याचं प्रमाणही कमी. बिअरची 650 मिलीची बाटली, साधी पाच टक्केवाली, म्हणजे 25 ग्रॅम अल्कोहोल, आणि स्ट्राँग आठ टक्केवाली म्हणजे 41 ग्रॅम, दोन लार्जइतकंच. ‘मी फक्त एक बिअर घेतली’ म्हणणारा माणूस आकड्यात 85 पर्यंत जाऊ शकतो हे लक्षात ठेवा. भरल्या पोटी घेतली असेल तर आकडा थोडा खाली राहतो आणि हळू चढतो, पण हे काही भरवशाचं गणित नाही.

उतरायचा हिशेब त्याहून महत्त्वाचा, मावसभाऊ तिथेच फसला. लिव्हर हा आकडा तासाला साधारण 15 ने खाली आणतं, कोणाचं 10 ने, कोणाचं 20 ने. ह्याचा वेग वाढवायला काहीही उपाय नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, सराफ्यात जाऊन दोन प्लेट भुट्ट्याचा कीस, उलटी, झोप, कशानेच लिव्हर जोरात पळत नाही. चार लार्ज म्हणजे 170 च्या आसपास, तिथून तीसच्या खाली यायला नऊ-सव्वानऊ तास. पाच लार्ज म्हणजे दोनशेच्या पुढे, आता बारा तास धरा. हे तास पहिल्या घोटापासून मोजले तरी रात्री नऊला सुरू केलेल्या माणसाची सकाळ नऊपर्यंत मोकळी होत नाही. लग्न, होळी, रंगपंचमीची गेर, थर्टी फर्स्ट, ह्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला, पोराला शाळेत सोडायला गाडी काढणारे किती जण असतात बघा.

निघायच्या आधी

पहिला ग्लास हातात घ्यायच्या आधी परत कसं जायचं ते ठरवा, नंतर नाही. नंतर घेतलेला निर्णय दारूच घेते. ग्रुपमधे एकजण न पिणारा ठरवायचा आणि किल्ली शब्दशः त्याच्या खिशात द्यायची. कॅबचं म्हणाल तर विजयनगर-पलासियाकडून रात्री बाराला मिळते, बायपासच्या ढाब्यांवरून, सुपर कॉरिडॉरवरून एकच्या पुढे त्रास होतो, तर तिकडे जायचं असेल तर येण्याजाण्याची गाडी आधीच बोलून ठेवा.

अजून एक गोष्ट. 2023 मधे मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, बंद झाल्या, तेव्हापासून बरेच जण गाडीतच बसून पितात. गाडी उभी आहे, आपण कुठे चालवतोय असं वाटतं. पण कलमात ‘चालवण्याचा प्रयत्न’ हेही शब्द आहेत, आणि ड्रायव्हिंग सीटवर बसून, इंजिन चालू करून, एसी लावून पीत बसलेल्या माणसाला नंतर ‘मी निघणारच नव्हतो’ हे पटवून देणं फार जड जातं.

आणि हो, न पिणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. कलम 188 आहे, 185 च्या गुन्ह्याला मदत करणाऱ्याला, चिथावणाऱ्याला तीच शिक्षा. पिलेल्या मित्राच्या हातात आपल्या गाडीची किल्ली देऊन ‘जा बाबा, हळू जा’ म्हणणं हे प्रेम नाही, त्याला मरणाच्या रस्त्यावर सोडणं आहे, आणि कायद्याच्या नजरेतही तुम्ही त्यात आलात.

नाक्यावर गाडी थांबवली की

पहिलं काम, पळू नका, यू टर्न मारू नका, बॅरिकेडच्या आधी गल्लीत घुसू नका. पुढच्या चौराह्यावर वायरलेस पोचलेला असतोच आणि घाबरून पळताना होणारे अपघात चेकिंगपेक्षा शंभरपट वाईट. इंडिकेटर देऊन डाव्या बाजूला गाडी घ्या, इंजिन बंद, आतला दिवा चालू, काच पूर्ण खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे. टू-व्हीलर असेल तर स्टँडवर लावा, हेल्मेट काढा.

थांबवणारा वर्दीत हवा. कलम 203 मधे वर्दीतला पोलीस अधिकारी असं स्पष्ट लिहिलंय, किंवा परिवहन खात्याचा अधिकार दिलेला अधिकारी. आपल्याकडे ट्रॅफिकमधे बहुतेक वेळा सूबेदार, म्हणजे सब-इन्स्पेक्टरच्या दर्जाचा अधिकारी, आणि त्याच्याबरोबर जवान असतात. नावाची पट्टी वाचून घ्या, मनात ठेवा. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स मागितलं तर द्या, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं डिजिटल लायसन्स चालतं, फोनमधला साधा फोटो चालत नाही.

बोलताना साधं बोला. ‘सर, नमस्ते, बोला’ एवढं पुरे. ‘भिया मी कोण आहे माहितीये का’ किंवा ‘अमक्या भैयांना फोन लावतो’ ह्याने आजपर्यंत कोणाचा आकडा कमी झालेला नाही, उलट बाजूला उभं राहायला सांगतात आणि वेळ जातो. घेतली आहे का विचारलं तर खोटं बोलू नका, पण स्वतःहून कहाणीही सांगत बसू नका, ‘सर टेस्ट करून घ्या’ म्हणा. बायकोला, पोरांना गाडीतच बसू द्या, खाली उतरून सगळ्यांनी एकदम बोलायला लागलं की साधी गोष्ट भांडण होते.

मशीन आणि फुंक

इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त अफवा इथेच आहेत.

श्वासातली दारू मोजणारं ब्रेथलायझर हे यंत्र 1954 मधे अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या पोलिसांत काम केलेल्या रॉबर्ट बोरकेनस्टाइन यांनी बनवलं. आज पोलिसांच्या हातात जे असतं त्यात बहुतेक वेळा फ्युएल सेल असतो, छोटासा, प्लॅटिनमचा थर असलेला. श्वासातलं अल्कोहोल त्यावर आलं की त्याचं ॲसेटिक ॲसिड होतं, म्हणजे व्हिनेगरमधलं ते, आणि त्यातून बारीकसा करंट निघतो. जेवढं अल्कोहोल तेवढा करंट. फुफ्फुसात रक्त आणि हवा एकमेकांना लागून असतात म्हणून रक्तातलं अल्कोहोल श्वासात येतं, आणि मशीन असं धरून चालतं की 2100 मिली खोल श्वासात जेवढं असेल तेवढं 1 मिली रक्तात आहे. त्यावरून ते थेट रक्ताचा आकडा दाखवतं.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. एक, वास लपवून फायदा नाही. सौंफ, इलायची, मिठा पान, पेरूची पानं, कांदा, पेपरमिंट, ह्यातलं काहीही रक्तातलं अल्कोहोल कमी करत नाही, मशीनला वासाशी घेणंदेणंच नाही. आणि दुसरी, तोंडात जर अल्कोहोल शिल्लक असेल तर आकडा खोटा वर जातो, कारण मशीन समजतं की ते फुफ्फुसातून आलं. हे दुसरं आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं, कारण आपल्या घरात दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, द्राक्षासव असतंच, ह्या आसव-अरिष्टांत किण्वनातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. होमिओपॅथीची टिंक्चरं, काही खोकल्याची औषधं, काही माउथवॉश, ह्यातही असतं. दोन चमचे अरिष्टाने रक्तात काही भरत नाही, पण घेऊन पाच मिनिटांत फुंक मारली तर मशीन उडी मारू शकतं. तोंडातलं हे अल्कोहोल साधारण 15 मिनिटांत निघून जातं. तर असं झालं असेल तर फुंक मारायच्या *आधी* सांगा, ‘सर आत्ताच औषध घेतलंय, पंधरा-वीस मिनिटांनी परत टेस्ट घ्या’, आणि बाटली गाडीत असेल तर दाखवा. वीस मिनिटांनी आकडा पडला की विषय संपतो, आणि खरंच प्यायलेल्याचा आकडा वीस मिनिटांत पडत नाही, म्हणून हा उपाय पळवाट नाहीये, खरं-खोटं वेगळं करायची रीत आहे.

डायबिटीसवाल्यांना प्रश्न पडतो की श्वासातल्या ॲसिटोनमुळे आकडा येईल का. फ्युएल सेलवाल्या मशीनवर ॲसिटोनचा जवळजवळ परिणाम होत नाही, स्वस्तातल्या सेमीकंडक्टरवाल्या मशीनवर होऊ शकतो. म्हणूनच ऑनलाइन मिळणारं किचेनसारखं मशीन घेऊन ‘माझ्यात 25 दाखवलं’ म्हणून गाडी काढू नका.

आता फुंक कशी मारायची. काही ठिकाणी आधी नळीशिवाय, लांबूनच मशीनवर बोलायला किंवा फुंकायला सांगतात, ती नुसती चाळणी आहे, अल्कोहोल आहे किंवा नाही एवढंच कळतं. खरा आकडा नळी लावून येतो. नळी नवीन, पॅक फोडून लावलेली हवी, हे हक्काने मागा, आवाज न चढवता, ‘सर नवीन नळी लावा’. मग मशीन चालू झाल्यावर स्क्रीनवर आधी शून्य आलंय का बघा, म्हणजे आधीच्या माणसाचं काही आत शिल्लक नाही. नसेल तर परत चालू करायला सांगा. तोंडात पान, गुटखा, च्युइंगम असेल तर थुंका, पाण्याने चूळ भरा. मोठा श्वास घ्या, ओठ नळीभोवती घट्ट आणि एकसारखं फुंकत रहा, पाच-सहा सेकंद, मशीन बीप करेपर्यंत. अर्धवट फुंकलं, नाकाने सोडलं, जीभ आडवी लावली की मशीन सॅम्पल घेतच नाही, परत मारायला लावतात, आणि तीनदा असं झालं की समोरचा समजतो हा मुद्दाम करतोय. दमा असेल, छातीचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधीच सांगा, जमेल तेवढं फुंका, नाहीच जमलं तर रक्ताची टेस्ट मागा.

आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि एकक बघा. मशीन 100 मिलीला मिलिग्रॅममधे दाखवत असेल तर लिमिट 30, टक्क्यांत दाखवत असेल तर 0.03, दोन्ही एकच. प्रिंट निघते त्यावर तारीख, वेळ, मशीनचा नंबर, तुमचं नाव, आकडा असतो, सही मागतात. सही करायच्या आधी वेळ आणि आकडा बरोबर आहे का वाचा. प्रिंटचा फोटो काढू द्या म्हणून विनंती करा. मशीनचं कॅलिब्रेशन ठरावीक काळाने करावं लागतं, त्याची तारीख नंतर कोर्टात कामाला येते, म्हणून मशीनचा नंबर लिहून ठेवा. नाक्यावर त्यावरून वाद घालू नका, तिथे त्याचा निकाल लागत नाही.

शून्य आलं तर थँक्यू म्हणा आणि निघा. तीसच्या खाली पण शून्य नाही, म्हणजे 12, 18, 24, तर 185 लागत नाही, पण आकडा वर चाललाय की खाली हा विचार करा. शेवटचा पेग नुकताच संपवून निघाला असाल तर पुढचा तासभर आकडा चढतो, पलासियाला 22 होता तो भंवरकुआंला 35 होऊ शकतो. गाडी लावा, कॅब करा.

फुंक मारायला नकार दिला तर?

सगळे विचारतात. कलम 203 मधे नकारासाठी वेगळा दंड लिहिलेला नाही, हे खरं, आणि ह्याच अर्ध्या माहितीवर लोक हुशारी करतात. पण कलम 203 सांगतं की नकार दिला आणि अधिकाऱ्याला दारूचा संशय घ्यायला कारण असेल तर वॉरंटशिवाय अटक करता येते. आणि कलम 205 सांगतं की योग्य कारणाशिवाय नकार दिला तर ती गोष्ट कोर्टात तुमच्याविरुद्ध धरता येते. म्हणजे न प्यायलेल्याने नकार देणं मूर्खपणा आणि प्यायलेल्याने नकार दिला तर वर अटक. फुंका.

तीसच्या वर आलं तर

इथून पुढे शांत राहणं हेच निम्मं काम. हा गुन्हा जामीनपात्र आहे, कोणी तुम्हाला महिनोन्महिने आत टाकत नाही, पण त्या रात्री तुम्ही जे वागता-बोलता ते सगळं कागदावर येतं.

पोलीस गाडी ताब्यात घेतात, चालान बनवतात. गाडीत न प्यायलेला, लायसन्स असलेला कोणी असेल तर त्याच्याकडे गाडी देता का हे एकदा नम्रपणे विचारा, पण बहुतेक वेळा गाडी थान्यावर जाते आणि कोर्टातून सुटते. गाडीतलं सामान काढून घ्या, लॅपटॉप, दागिने, पोरांची दप्तरं, आणि गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, मीटरच्या आकड्यासकट. जप्तीचा कागद मागा. लायसन्स घेतलं तर त्याचीही पावती मागा, कलम 206 मधे 2019 च्या दुरुस्तीने आलंय की 185 मधे लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवायचं आणि त्याची पोच द्यायची.

जागेवर दहा हजार भरून सुटका, असं काही नसतं. हेल्मेटचं, सिग्नलचं चालान जागेवर भरता येतं कारण ते समझोत्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता दंड भरून मिटवायच्या गुन्ह्यांच्या यादीत आहे, 185 त्या यादीत नाही. दंड फक्त मॅजिस्ट्रेट लावतो. म्हणून रस्त्यावर कोणालाही रोख पैसे देऊ नका, तुम्हीही देऊ करू नका, तो स्वतःच वेगळा मोठा गुन्हा आहे.

अटक केली तर काय काय व्हायला पाहिजे ते पाठ करून ठेवा. अटकेचं कारण सांगायला पाहिजे, जामीन मिळू शकतो हे सांगायला पाहिजे, घरच्या एका माणसाला कळवायला पाहिजे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. कलम 202 प्रमाणे अटकेपासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर सोडायला हवं. म्हणून अटकेची वेळ लक्षात ठेवा, घड्याळात बघून, आणि घरच्यांना फोनवर सांगताना वेळही सांगा. थान्यावर परत एकदा श्वासाची टेस्ट द्यायची संधी मिळते, ती घ्या. बाई असेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक खास परिस्थितीशिवाय होत नाही, आणि रक्त घेणारा डॉक्टर पुरुष असेल तर एक बाई समोर हजर असायलाच हवी.

रक्ताच्या टेस्टबद्दल एवढंच, की मशीनचा आकडा चुकीचा वाटत असेल तर ती स्वतःहून मागा, लगेच मागा, दोन तासांनी मागून उपयोग नाही. सरकारी दवाखान्यात नेतात. सुई टोचायच्या आधी कातडी स्पिरिटने पुसू देऊ नका, स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच, ‘बिना स्पिरिटचं पुसा’ असं डॉक्टरला सांगा. सॅम्पलच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड असतं, नाहीतर रक्तात ठेवल्या ठेवल्या बदल होतो. बाटली तुमच्यासमोर सील होते का, लेबलवर नाव आणि वेळ बरोबर आहे का, बघून घ्या. मावसभाऊने हे काहीच बघितलं नव्हतं, तो नुसता मान खाली घालून बसला होता, आणि आम्ही पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं.

थान्यावर टीआयसाहेबांना, म्हणजे थान्याच्या मुख्य इन्स्पेक्टरला, भेटायचं तर घरातलं एकच माणूस जाऊ द्या, शांत बोलणारं. आमच्याकडून सातजण गेलो होतो, त्याने फक्त गोंधळ वाढला.

कोर्ट, गाडी, लायसन्स

शिक्षा आधी सांगतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 किंवा दोन्ही. 2019 च्या आधी हे दंड 2,000 आणि 3,000 होते, आणि अजून पुष्कळ लोकांच्या डोक्यात तेच आकडे आहेत. शिवाय आधी तीन वर्षांच्या आत परत पकडलं तरच दुसरा गुन्हा धरत, ती तीन वर्षांची अट काढून टाकलीय.

चालानवर कोर्टाची तारीख असते किंवा नंतर कळवतात, ती चुकवू नका, चुकवली की वॉरंटपर्यंत गोष्ट जाते. गाडी सुपुर्दगीवर, म्हणजे कोर्टाच्या आदेशाने मालकाच्या ताब्यात, सोडवायला आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, मालकाचं आधार, जप्तीचा कागद एवढं बरोबर न्या. गाडी वडलांच्या नावावर असेल तर वडलांना जावं लागतं, आणि सत्तरीच्या बापाला कोर्टाच्या आवारात उभं बघणं काय असतं ते आमच्या काकांकडे बघून मला कळलं. वकील करा. परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळू शकतो, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, कमी उत्पन्नवाल्यांना, त्यासाठी 15100 वर फोन लावा. गुन्हा कबूल करायचा की लढायचं हे प्रिंट, वेळ, मशीनचा रेकॉर्ड बघून वकीलच सांगेल. आकडा 150 आहे आणि सगळं रीतसर झालंय तर लढून काय मिळणार, पण आकडा 33 आहे, दहा मिनिटं आधी अरिष्ट घेतलं होतं आणि तेव्हाच तसं सांगितलं होतं, तर गोष्ट वेगळी.

लायसन्सचं प्रकरण कोर्टापासून वेगळं चालतं. आरटीओकडून नोटीस येते, तुमचं म्हणणं मांडायची संधी मिळते, मग पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतात, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच. त्या तीन महिन्यांत गाडी चालवलीत तर तो अजून एक गुन्हा. ज्यांचं पोटच गाडीवर आहे, ऑटो, टॅक्सी, डिलिव्हरी, त्यांच्यासाठी दहा हजारांपेक्षा हे तीन महिने भारी पडतात.

इन्शुरन्सबद्दल लोक विसरतात. दारूच्या प्रभावाखाली गाडी असताना झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान पॉलिसीत बाहेर ठेवलेलं असतं. 2021 मधे सुप्रीम कोर्टाने एका कारच्या केसमधे असंही सांगितलं की ब्रेथ टेस्ट झालेली नसली तरी बाकीच्या परिस्थितीवरून दारूचा प्रभाव सिद्ध होत असेल तर कंपनी क्लेम नाकारू शकते. आणि कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं, पाच वर्षांपर्यंत. तिथे आकड्याचा विषय उरतच नाही.

आता एक इंदूरवाल्यांसाठी खास. आपल्यातल्या निम्म्या घरांचे नातेवाईक बडोद्याला, आणि आपण झाबुआ-दाहोदवरून गाडीने जातो. गुजरातेत दारूबंदीचा कायदा आहे, 1949 पासूनचा. तिथे तीसचं लिमिट तुम्हाला वाचवत नाही, परमिटशिवाय पिणं आणि बाळगणं हाच गुन्हा आहे, मागच्या सीटवर बसलेल्यालाही. डिकीत लग्नाची उरलेली अर्धी बाटली राहिलेली असते, निघायच्या आधी डिकी बघा. आणि आदल्या रात्री घेतली असेल तर पहाटे पाचला बडोद्याला निघायचा बेत रद्द करून दुपारी निघा.

मावसभाऊची गाडी बावीस दिवसांनी सुटली, दंड भरला, लायसन्स तीन महिन्यांनी परत मिळालं. त्या स्कूटरवाल्याचा आकडा शून्य होता, दाराचा खर्च ह्यानेच केला. मे महिन्यात घरात अजून एक लग्न आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला पाहुण्यांना स्टेशनवर कोण सोडणार ह्याची यादी मावशीने आत्ताच करून फ्रिजवर लावलीय, माझं आणि तिच्या सुनेचं नाव त्यात आहे, आणि आम्ही दोघं त्या रात्री फक्त पन्हं पिणार आहोत.